रुखमाबाईच्या नावानं तीनशे

२ नोव्हेंबर १९८२, मंगळवार

थोरल्या भावाचं पत्र आलं. तीन वर्षांत घरी एक रुपया पाठवला नाही म्हणे मी. राइसमिल सोडली, हॉटेल सोडलं, लाकडाचा डेपो सोडला, म्हणून पळपुटा म्हणे. गुलाबचंददादा, एक दिवस त्या मिलच्या कोंड्यात तुला उभं करायला पाहिजे होतं, मग विचारलं असतं, काहून पळाला म्हणून. आणि बापाचा हातमाग सोडला त्याचा राग तर तुझा जन्मभर जाणार नाही. बाप गेला की त्याच खड्ड्यात पाय सोडून बसायचं, त्याच्याच धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढायचं, खळीची आणि त्याच्या तंबाखूची चव जिभेवर घेऊन दिवस काढायचा. बाप होता तोवर सहा वर्षं केलं, पुढं नाही बसलो. यात पळणं कुठं आलं? तू बसून राहिलास आरमोरीत, तुला काय मिळालं? छातीतला खोकला तेवढा.

पत्र फाडून टाकलं. उत्तर पैशानं देईन, शाईनं नाही.

बाकी आजचा दिवस झकास गेला. नागपूरला नोकरी लागली. सक्करदऱ्यात तलावाजवळ डॉक्टरसाहेबांचा बंगला आहे, त्यात माडीवरची खोली राहायला आणि एकशे पंच्याऐंशी रुपये महिना. खिडकीतून तलाव दिसतो, म्हशी दिसतात, सकाळी पाण्यावर उभी राहिलेली वाफ दिसते. कंपाउंडर भैयाजीनं विचारलं, शिक्षण किती? म्हटलं, चौथी. आकडे येतात? येतात. कान कसे आहेत? म्हटलं, मागाच्या खटखटीत वाढलो, पण एक धागा तुटला तरी मले आवाजावरून कळते. तो हसला. म्हणाला, मग तूच पाहिजे.

काम असं आहे. डॉक्टरसाहेब छातीचे. विणकर, विडीवाल्या, गिरणीतले म्हातारे, ज्यांचा दम आता बरा होणार नाही पण रोज नजर ठेवली तर वर्षं काढतील, असे सात पेशंट त्यांनी निवडले. त्यांना दवाखान्याची पायरी चढवत नाही, म्हणून दवाखानाच तारेवरून त्यांच्या घरी नेला. कामठीच्या लिलावात फौजेचे जुने, दांडा फिरवायचे फोन मिळाले होते. छपराछपरांवरून काळी तार ओढून सात घरांत सात फोन बसवले, आठवा माझ्या टेबलावर. तारखात्याचा माणूस आलाच तर रेडिओचा एरियल आहे म्हणून सांगायचं, हेही भैयाजीनं पहिल्याच दिवशी शिकवलं.

प्रत्येक घरी एक नळी दिली आहे, साहेबांच्या मुलानं विलायतेहून पाठवलेली. दम पूर्ण भरून एकदम जोरात फुंकायचं, की काटा सरकतो. साठपासून आठशेपर्यंत आकडे. जेवढा दम तेवढा आकडा. लोक तिला फुंकणीच म्हणतात, चुलीची असते तशी. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला मी दांडा फिरवायचा आणि पेशंटचं नाव मोठ्यानं घ्यायचं, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याच्या खात्यात पडत नाही. मग त्यानं फोनपाशी फुंकायचं, काटा बघून आकडा सांगायचा, मी वहीत लिहायचा. एकशेवीसच्या खाली गेला की लाल शाई, आणि भैयाजीनं रिक्षा धाडून माणूस मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात पोचवायचा.

टेबलावर माझीही एक फुंकणी आहे. दर सोमवारी मी फुंकून आकडा लिहायचा, म्हणजे फुंकणी बिघडली तर कळेल. आज फुंकून पाहिली. सहाशे दहा! भैयाजीनं काटा दोनदा बघितला. "अबे, छाती आहे का लोहाराचा भाता?"

ही डायरी औषधकंपनीची, वर्ष सरत आलं तरी कोरी. अक्षर सुधरायला रोज लिहीत जा म्हणाले साहेब. ते परवा दोन महिन्यांसाठी मुलाकडे चालले.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवसांत सातही दम ओळखीचे झाले. नाव घ्यायच्या आधीच कळतं कोण आहे ते. मधुकररावांनी गिरणीत चाळीस वर्षं काढली, त्यांच्या दमात दोन शिट्ट्या आहेत, एक जाडी, एक बारीक, नळावर दोन बाया भांडाव्यात तशा. विडीवाल्या जिजाबाईचा दम सुपातून धान्य पाखडल्यासारखा. भैयाजीला सांगितलं तर तो म्हणतो, तुझ्या दमाचीही खूण आहे रे. खरं आहे. लहानपणी मागावरून धोटा उडून नाकावर बसला, हाड वाकडं झालं. श्वास सोडताना शेवटी नाकात बारीक सूं वाजतं. दादा म्हणायचा, डोळे झाकून पण आमचा ताराचंद सापडते.

सातवी रुखमाबाई. विणकराची विधवा, एकटी राहते. सगळ्यात कमी दम तिचा, एकशेतीस. पण बोलणं सगळ्यात गोड. नागपुरात आल्यापासून जेवला का म्हणून विचारणारी पहिलीच. आरमोरीचा म्हटल्यावर कोशाच्या रेशमी लुगड्यांच्या गोष्टी काढल्या. माझी आई गेली म्हटलं तर म्हणाली, मग मी आहे न बाप्पा.

९ नोव्हेंबर, मंगळवार

आज चोरी पकडली. मधुकररावांचं नाव घेतलं, फू आला, आकडा आला दोनशे ऐंशी. पण शिट्ट्या कुठं गेल्या? कोवळा, लांब, साफ दम. म्हटलं, हे फुंकलं कोणी? त्यांची सून शामला निघाली. ती घाबरेल वाटलं होतं, तिनं मलाच झापलं. "तुमच्या वॉर्डातून माणूस चादरीतच वापस येते. सासऱ्याच्या नावानं मी फुंकलं तर तुमचं काय गेलं जी? तुमच्या वहीले काय समजते?" आता रोज त्यांचं नाव घेऊन मीच फुंकणार म्हणे.

बरोबर बोलली. लिहून टाकलं दोनशे ऐंशी.

आईची आठवण झाली. ती विंचवाची फुंकर घालायची. ज्याला चावला त्याचं नाव घेऊन फुंकायची, मग लगेच तीनदा थुंकायची आणि गुळाचा खडा तोंडात टाकायची. काहून विचारलं तर म्हणायची, नाव घेऊन फुंकलं का आपल्यातलं काही त्याच्याकडं जाते, अन् मागून बाकीचंही जाऊ पाहते, ते तोडा लागते. शामलाला गूळ खा म्हणणार होतो. ती हसली असती. राहिलं.

११ नोव्हेंबर, गुरुवार

रुखमाबाई एकशे दहा. लाल शाईचा टाक हातात घेतला होता.

ती म्हणाली, थांब. दोन शब्दांत एकदा दम घेत बोलत होती. मधुकररावाले सून आहे, जिजाबाईले लेकी आहेत, माह्या घरात फुंकाले कोण आहे? मी वॉर्डात गेली का पुतण्या माग उपटून खोली ताब्यात घेते. तुह्या टेबलावर फुंकणी आहे न लेका? माह्या नावानं फुंक. कोण पाहून राहिलं?

कोणीच बघत नव्हतं. तिचं नाव घेतलं आणि हलकंच फुंकलं, जास्त आला तर भैयाजीला संशय येईल म्हणून. तीनशे. लिहिलं, रुखमाबाईच्या नावानं तीनशे. तारेतून तिनं मोठा उसासा टाकला, पोट भरल्यावर टाकतात तसा.

१५ नोव्हेंबर, सोमवार, लक्ष्मीपूजन

माझा आकडा पाचशे ऐंशी. भैयाजी म्हणतो, चिवडा कमी खा. त्यानं घरून अनारसे आणून दिले. तलावाकाठी पणत्या लावल्या होत्या. रुखमाबाईच्या नावानं सकाळ-संध्याकाळ तीनशे. मनाला बरं वाटतं. दादा, बघ, तुझ्या पळपुट्यानं एका म्हातारीचं घर वाचवलं.

२२ नोव्हेंबर, सोमवार

पाचशे दहा. फुंकणी बिघडली म्हणून भैयाजीला दाखवली. त्यानं फुंकली, त्याचा आकडा नेहमीचाच आला. माडीच्या जिन्याचे चौदा दगड आहेत, आज दहाव्यावर थांबलो. थंडीची हवा असेल.

मधुकरराव आज स्वतः फोनवर आले. खणखणीत बोलले, बाजारात पायी जाऊन संत्र्यांची पिशवी आणली म्हणे. मग फुंकायला शामला आली. नाव घेतलं, फुंकलं.

दोन शिट्ट्या. एक जाडी, एक बारीक. शामलाच्या दमात.

२९ नोव्हेंबर, सोमवार

चारशे तीस.

मी खुळा नाही. आकडे मांडून बघितले. ज्या दिवशी रुखमाबाईच्या नावानं पहिल्यांदा फुंकलं त्या दिवसापासून मी उतरणीला लागलो. सासऱ्याच्या नावानं फुंकू लागल्यापासून शामला. भैयाजीला सांगितलं तर त्यानं विचारलं, गांजा ओढला काय बे? साहेब येईपर्यंत गप बस, नाहीतर तुह्या जागी दुसरा पोट्टा बसवतो, दहा जण रांगेत आहेत.

शामलालाही सांगितलं, नाव घेऊन फुंकू नको. ती धापा टाकत म्हणाली, मग सासऱ्याले मरू देऊ काय?

दादाचं दुसरं पत्र. एकच ओळ. टिकून आहे का पळाला? पळालो असतो, आजच गाडी पकडली असती. या ओळीमुळं नाही पळणार. बॅग भरली होती, रिकामी केली.

२ डिसेंबर, गुरुवार

पलंगाखालच्या पेटीत जुन्या वह्या सापडल्या. माझ्या आधी या टेबलावर तिघं बसून गेले. शेवटचा गोविंदा, त्याच्या वहीच्या पानांवर खर्र्याचे, त्या चघळायच्या सुपारी-तंबाखूचे, लाल डाग. भैयाजी म्हणाला होता, त्याला इथली थंडी मानवली नाही, गावी गेला.

गोविंदाचा पहिला सोमवार पाचशे नव्वद. मग पाचशे साठ. मग पाचशे. शेवटचा सोमवार नव्वद. पुढं कोरं.

त्याच्या आधीचा पाचशे चाळीसवरून ऐंशीवर. त्याच्या आधीचा सहाशेवरून पंच्याहत्तरवर.

तिन्ही वह्यांत रुखमाबाई. सुरुवातीला एकशेतीस, मग एकशे दहा, मग एका दिवसापासून रोज तीनशे. तीनशे. तीनशे. तिघांच्या तीन अक्षरांत.

तिनं तिघांनाही विचारलं असेल, जेवला का बाप्पा?

४ डिसेंबर, शनिवार

दुपारी तिच्या घरी गेलो. तार बघत बघत गेलो, छपरांवरून, एका लिंबावरून, गल्लीच्या टोकाला. चार ठिकाणी बसावं लागलं. एका बाईनं पाणी दिलं, विचारलं, इतका तरणा माणूस, कोणती बिमारी आहे जी?

घराच्या बाहेरच मागाचा आवाज आला. दमदार. खट-खट, खट-खट, न थांबता. एकशे दहावाली बाई असा माग चालवत नाही. दारातून बघितलं. खड्ड्यात बसली होती, सत्तरीची, केस पांढरे, पण दंड घट्ट, गाल तुळतुळीत. धोटा असा फेकत होती की दादाला लाज वाटावी. मला बघून हसली, म्हणाली, ये लेका, बस, दम लागला तुले. माग थांबवला. घर गप झालं.

मग मला ते ऐकू आलं. तिच्या श्वासाच्या शेवटी, नाकात. बारीक सूं.

तिचं नाक सरळ आहे.

म्हटलं, हा माझा दम आहे. ती नाही म्हणाली नाही. चहाचं आधण ठेवलं. "म्या कोणावर जबरी केली नाही बाप्पा. मांगतलं, तुम्ही देल्लं. तुह्याजवळ लय होतं. माग बंद पडला तर मी कायले जगू?" त्यांचं काय झालं विचारलं, गोविंदाचं, बाकीच्यांचं. म्हणाली, चांगले पोट्टे होते बिचारे. साखर किती टाकू?

चहा न घेता उठलो. दारातून म्हटलं, आजपासून एकही फुंकर मिळणार नाही तुले. ती म्हणाली, बरं लेका. धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढलं आणि माग परत सुरू केला.

६ डिसेंबर, सोमवार

दोन दिवस फुंकलं नाही. तरी तीनशे चाळीस.

धोट्याच्या भोकातून सुताचं टोक एकदा निघालं की आतली सुताची कांडी संपेपर्यंत येत राहतं. हे तिला माहीत आहे. मलाही माहीत होतं. कोष्ट्याचा पोर ना मी.

८ डिसेंबर, बुधवार

आज मधुकररावांनी सगळं ऐकलं. मी शामलाच ऐकते आहे समजून तिला समजावत होतो आणि फोन त्यांच्या हातात होता. मग विचारलं, माह्या नावानं ही पोरगी फुंकते म्हणून तिले दम लागते? मी होय म्हटलं. म्हणाले, आता घे नाव माझं. घेतलं. स्वतः फुंकलं त्यांनी, मुद्दाम हलकंच. शिट्ट्या कमी होत्या, कारण अर्ध्या तिच्याकडं. नव्वद. म्हणाले, लाल शाईनं लिही, ठसठशीत.

शामला मागून ओरडत होती. म्हातारा तिच्यावर गरजला, "चूप वं! माह्या दमावर जाईन, तुह्या नाही." टोपी घालून ताठ बसून रिक्षातून गेले. भैयाजी सांगत होता. जाण्याआधी शामलाला गूळ खायला लावला, थुंकायला लावलं. ते मी सांगितलं होतं.

मलाही आणायचा होता गूळ. दुकान दूर आहे. आता दूर आहे.

१० डिसेंबर, शुक्रवार

शामलाचा फोन. पाणी भरून आणलं म्हणे, एकदाच थांबली. म्हातारा वॉर्डात जिवंत आहे, नर्सांशी भांडतो आहे. म्हणजे तोडता येतं.

तिनं भावाच्या हातून मला गूळ पाठवला. खाल्ला, तीनदा थुंकलो. काही झालं नाही. मधुकररावांनी शामलाचं टोक सोडलं, रुखमाबाई माझं सोडत नाही. आणि तोडलं तरी गेलेलं वापस येत नाही —

गेलेलं ओढावं लागेल.

१३ डिसेंबर, सोमवार

एकशे नव्वद. दगड चढताना बसून बसून.

भैयाजी म्हणतो, गावी जा, तुझ्या भावाला लिहितो, त्याला पाठव म्हणून, घरातलाच माणूस बरा. दादाला! या टेबलावर! त्याच्या त्या खोकल्याच्या छातीला!

नाही. या खुर्चीवरून मी उठणार नाही. माझ्यानंतर इथं कोणी बसणार नाही.

पाच वाजता दांडा फिरवला. तिचं नाव घेतलं. ती म्हणाली, फुंकतो काय लेका? म्हटलं, नाही. फोनच्या जाळीला तोंड लावलं, जीभ दातांवर, गाल आत, बाप शिकवायचा तसं. ज्या गोष्टीपायी माग सोडला तीच केली. धोट्याच्या भोकातून सूत ओढतात तसं ओढलं.

तारेत काहीतरी ताणलं गेलं.

ती खोकली. पहिल्यांदाच.

१४ डिसेंबर

दोनशे साठ. सकाळी ओढलं, संध्याकाळी ओढलं. खळीची चव आली तोंडात. ती पण ओढते तिकडून. जोर आहे म्हातारीत. ओढ म्हटलं. मी बापाच्या तंबाखूची चव सहा वर्षं गिळली, तुझं काय घेऊन बसलीस.

१६ डिसेंबर, गुरुवार

चारशे. चौदा दगड एका दमात. भैयाजी तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

तारेतून तिच्या मागाचा आवाज यायचा मागं, तो तुटक झाला. ती म्हणते, थोडं ठेव बाप्पा. म्हटलं, तुझे एकशेतीस तुझे, त्याला हात लावणार नाही. माझे सहाशे दहा माझे. हिशेब साफ.

१८ डिसेंबर, शनिवार

सहाशे दहा!

नाकातलं सूं परत आलं. आरशापुढं उभा राहून ऐकलं. दादा, बघ. पळालो नाही आणि मेलोही नाही.

तोंडात खर्र्याची चव. मी खर्रा खात नाही.

१९ डिसेंबर

आज ओढलं नाही. तरी सहाशे साठ.

सूं नंतर अजून एक आवाज. घशातून, चघळल्यासारखा. गोविंदाचा असेल. त्याच्या मागून आणखी दोन येताहेत, मला कळतं, पायरीवर पावलं कळतात तसं. कांडीवर सगळ्यात वर माझं सूत होतं, खाली त्यांचं. सगळ्यात खाली तिचं स्वतःचं, एकशेतीस. ते मला नको. शब्द दिला आहे.

खिडकीतून हात घालून तिची तार कापली.

२० डिसेंबर, सोमवार

सातशे चाळीस. तार कापून काही झालं नाही. शामला आणि तिच्या सासऱ्याच्या मध्ये तरी कुठं तार होती. नावावर आहे सगळं, तारेवर नाही.

गूळ खाल्ला. थुंकलो. तोडायचं ते फुंकणाऱ्यानं, मी आता ओढणारा, तुटणार कसं —

दम आत येतो. बाहेर जात नाही. छाती ताठ, मडक्यासारखी. बरगड्या दुखतात. चौघं आत आहेत आणि दार एक. फुंकतो तर तेवढ्यापुरता काटा सरकतो, दम जात नाही. नाव न घेता फुंकलेलं माझ्यातच राहतं —

नाव पाहिजे. कोणाचं तरी नाव. भैयाजीचं घेणार होतो रागानं. नाही घेतलं.

२१ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

आठशे. काट्याला पुढं जागा नाही.

झोपता येत नाही, बसून लिहितो. शामलाच्या भावानं सांगितलं, रुखमाबाईचा माग बंद, पण ती दारात बसून आहे, श्वास आहे, तिचा तिचा. अजून तिथपर्यंत आलं नाही. त्याआधी तोडायचं.

नाव ठरलं. रात्रभर एकच नाव. खोकत माग चालवतो, माझ्यावर राग धरून बसतो, पत्रात एक ओळ लिहितो. त्याच्या छातीला लागतोच आहे दम, आणि माझ्याकडं चार माणसांचा. उरेल तेवढा माझा मला ठेवीन. ठेवता आला तर. गूळ उशाशी आहे, या वेळी टोक माझ्या तोंडात आहे, फुंकलं की लगेच तोडीन. आई तोडायची, मी तिचाच —

मनीऑर्डरचा फॉर्म आणून ठेवला होता. टपालात जाईल, त्याच्या हातात पडेल, नावासकट. नाव घालून झालं. गुलाबचंद, विणकर, आरमोरी. खालच्या जागेत लिहिलं, दादा, पळालो नाही. माग चालव. खोकला थांबला तर काहून थांबला म्हणून विचारू नको. इकडं कोणी बोलावलं तर येऊ नको. कोणी कितीही गोड बोललं तरी त्याच्या नावानं फुंकू —

जागा संपली. आधी रक्कम, मग नाव घेतो मोठ्यानं, मग फुंकर. दहा वाजता पोस्ट उघडतं, शामलाचा भाऊ नेईल.

पहिल्यांदाच पाठवतो आहे घरी. खानावळीचे वीस वजा. बाकी सगळे. फॉर्मवरचं तोंडानं म्हणत इथंही उतरवतो.

रु. १६५. अक्षरी एकशे पासष्ट रुपये फ —